मातामायचे पाय

आमच्या यंत्राला गावोगावचे लोक ‘उलटा जोशी’ म्हणतात. जोशी पुढचं सांगतो, हे मागचं सांगतं. आणि जोश्यासारखं गोलगोल बोलत नाही. तलावाच्या तळात नळी ठोकायची, पुरुषभर गाळाचा दांडा उपसायचा, यंत्रात आडवा ठेवायचा. चहा पिऊन येईपर्यंत ते सांगतं, की अमक्या साली पाणी कुठवर चढलं, किती वेळ टिकलं, आणि त्यात आकाशाचा हिस्सा किती नि माणसाचा किती. पाण्याच्या भांडणात आता साक्षीदार कमी आणि गाळच जास्त येतो, असं आमचे पाध्येसाहेब म्हणतात.

मी वनमाला नान्हे. जलवाटप लवादाच्या कचेरीत वरिष्ठ तंत्रज्ञ. वय एक्कावन्न, लग्न केलं नाही, तोंड तिखट. कचेरीत माघारी मला ‘मिरची’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे.

२०४४ सालच्या मार्चमध्ये माझ्या टेबलावर एक अर्ज आला. लवादाच्या नियमाप्रमाणे कोणीही नागरिक जुन्या आपत्तीचा गाळ वाचून मागू शकतो. अर्जदाराचं नाव होतं सगुणा मनिराम गहाणे, वय त्र्याऐंशी, मुक्काम मोहबंध. मागणी एका ओळीची: ‘तलाव फुटला तो कोणाच्या दोषानं, हे मी मरायच्या आत कळावं.’

वाचलं आणि मी रागानं कागद टेबलावर आपटला. कोणाच्या दोषानं? अख्ख्या पंचक्रोशीला माहीत आहे कोणाच्या दोषानं! त्या बाईच्या नवऱ्याच्या.

पाध्येसाहेब म्हणाले, “तुमचंच गाव ना हे? दुसऱ्या कोणाला पाठवतो.”

“काही गरज नाही,” मी म्हटलं. “यंत्र खोटं बोलत नाही, आणि मीही बोलत नाही.”

मोहबंध आमच्या झाडीपट्टीत आहे, भाताच्या मुलखात. वाघझरी नदीच्या वाटेवर कोहळ्यांच्या कोण्या पूर्वजानं दोन टेकड्यांमध्ये मातीची पाळ घातली आणि तीनशे वर्षांपूर्वी तलाव केला. कोहळी भात पिकवायचे, आम्ही ढिवर मासे धरायचो. पाळीच्या पोटातून शेतात पाणी सोडायचं जे लाकडी बुचाचं दार, त्याला तुडूम म्हणतात. जास्तीचं पाणी बाजूनं वाहून जायचं तो सांडवा, त्याला सलंग म्हणतात. पावसाळ्यात मासे सलंगावरून निसटू नयेत म्हणून आमची माणसं तिथं बांबूच्या चटया उभ्या करायची. तुडूम आणि सलंग दोन्हींवर लक्ष ठेवायचा तो पाटकरी. माझ्या लहानपणापासून पाटकरी एकच होता, मनिराम गहाणे. मी त्याला काकाजी म्हणायची.

पाणी किती झालं की दारं उघडायची, याला आमच्याकडे पट्टी नव्हती, आकडे नव्हते. पाळीच्या आतल्या उतारावर आमची गावदेवी मातामाय बसलेली आहे. शेंदरानं तिचे नाक-डोळे बुजले आहेत, पण पाय दगडात स्वच्छ कोरलेले दिसतात. मायचे पाय भिजले की पाटकऱ्यानं पाळीवर उभं राहून हाक द्यायची, “माय भिजलीऽऽ!” हाक ऐकली की कोहळी तुडूमाकडे धावायचे आणि ढिवर चटया काढायला सलंगाकडे. आम्ही पोरंसोरंसुद्धा ताट टाकून पळायचो. दरसाल दोनदा-तीनदा तरी ही धावपळ व्हायची, आणि वर्षानुवर्षं तलावाला काही झालं नाही.

२०१३ साली पोळा दोन दिवसांवर आला असताना हाक आलीच नाही. चौदा तास पाऊस ओतत होता. चटयांना बेशरमीची झुडपं नि पालापाचोळा येऊन चिकटला, पाणी तुंबलं, आणि दुपारी सव्वाचारला पाळ सलंगाजवळ फुटली. खाली खालटोला नावाची वस्ती होती, बावीस घरांची. अकरा माणसं गेली. त्यांत माझी मोठी बहीण प्रेमिला होती. वर्षापूर्वीच त्या वस्तीत दिली होती तिला. तिसऱ्या दिवशी भाताच्या बांधीत सापडली, हिरव्या बांगड्यांवरून ओळखली.

मी तेव्हा वीस वर्षांची, तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला, सुट्टीवर आलेली. त्या दिवशी तीन वाजता छत्री घेऊन पाळीवरून चालले होते. मनिरामकाकाजी मायसमोरच्या त्याच्या दगडावर बसला होता. अंगावर घोंगडं, डोकं गुडघ्यावर टेकलेलं. चौकशीला साहेब आले तेव्हा मी गर्दीतून पुढं झाले आणि सांगितलं, “झोपला होता तो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.”

मनिरामकाकाजी एवढंच म्हणाला, “झोपलो नोहतो, साहेब. मायचे पाय कोरडे होते.”

लोक त्याच्या अंगावर धावून गेले. पाळ फुटून वाहून गेली आणि म्हणे पाय कोरडे! मी तर कडाकडा बोटं मोडली. बहिणीच्या तेराव्याला तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. हात जोडलेले, काही बोलायचं होतं त्याला. मी त्याच्या तोंडावर दार लावलं. दोन वर्षांनी तो मेला. मी मातीला गेले नाही. गावातलं कोणीच फारसं गेलं नाही म्हणतात.

गावानं पाळीवर एक दगड उभा केला. त्यावर अकरा नावं आहेत, आणि नावांच्या वर कोरलं आहे, ‘पाटकऱ्याच्या झोपेने गेलेले अकरा जीव’.

सगुणाकाकूचं घर गावाच्या टोकाला. मी गेले तेव्हा ती अंगणात सुपात लाखोरी डाळ निवडत होती. डोळ्यांना कमी दिसतं, पण चाहूल बरोबर लागते तिला.

“कोण व?”

“वनमाला. फागो नान्ह्याची.”

सूप खाली ठेवलं तिनं. “तुले पाठवलं? देवा! बस, बाई. पाणी देतो.”

“पाणी नको. मी कामासाठी आले आहे, काकू. यंत्र लावीन, जे निघेल ते लिहीन. तुमच्यासाठी एक अक्षर इकडचं तिकडं करणार नाही. नंतर रडायचं नाही.”

“नाई रडत,” ती म्हणाली. “मले त्या दगडावरची ओळ पुसून पायजे होती. खरी असन तर राहू दे मंग. पण मले समजू दे. मी त्याच्यासंगं चाळीस वर्षं राह्यली, आन् मलेच समजलं नाई तो झोपला होता का जागी होता.”

मला वाटलं होतं ती नवऱ्याची बाजू घेऊन भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडायला जमतं. मी उठून तलावाकडे गेले.

यंत्राचं काम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गाळ वर्षावर्षानं बसतो. पावसाळ्यात नदी आणते तो जाडाभरडा आणि काळपट. उन्हाळ्यात संथ पाण्यातून बसतो तो पिठासारखा आणि फिकट. झाडाच्या खोडात वर्षाचं एकेक कडं असतं, तशा गाळात वर्षाच्या पट्ट्या. त्या पट्टीत फुलांचे परागकण सापडतात, शेवाळाची बारीक कवचं सापडतात, वरच्या डोंगराची माती सापडते. वर जंगल तुटलं की लाल माती वाढते, आणि यंत्र सांगतं की अमक्या सालापासून पाणी अंगावर येऊ लागलं. पाच नळ्या काठाकाठानं, वेगवेगळ्या उंचीवर ठोकायच्या. एखाद्या पुराचा गढूळ थर ज्या उंचीवर संपतो तिथवर पाणी चढलं होतं. कण किती बारीक बसले त्यावरून पाणी किती वेळ थांबलं ते कळतं.

मग यंत्र तोच पूर हजार वेळा नव्यानं घडवून बघतं. जंगल उभं असतं तर? तळ गाळानं भरला नसता तर? दारं वेळेत उघडली असती तर? ज्या पाण्याचा जाब आकाश देऊ शकत नाही, त्याचा जाब माणसाला द्यावा लागतो. लवादाचा सगळा कारभार या एका वाक्यावर चालतो.

तीन दिवस मी मोहबंधच्या काठावर नळ्या ठोकल्या. पाळ आता पक्की आहे, सलंगावर आपोआप उघडणारी लोखंडी दारं आहेत. चटया नाहीत, पाटकरी नाही. खालटोल्याच्या जागेवर बाभळीचं रान माजलं आहे. मायकडे मी पाहिलंसुद्धा नाही. प्रेमिला गेल्यापासून तिचं-माझं बोलणं बंद आहे.

चौथ्या दिवशी सकाळी पडद्यावर आकडे आले. २०१३चा थर बोटभर जाड होता, विटकरी रंगाचा. पाऊस अकरा इंच, हा आकाशाचा हिस्सा. वर वीस वर्षांत जंगल निम्मं उरलं होतं, म्हणून जे पाणी दोन दिवसांत यायचं ते सहा तासांत आलं. तळ गाळानं दोन हात वर आला होता, तलावाच्या पोटात जागाच उरली नव्हती. हे सगळं धरलं तरीही पाळ टिकायला हवी होती, असं यंत्र म्हणत होतं. कारण त्याआधीच्या चाळीस वर्षांच्या पट्ट्यांत दर मोठ्या पुराला पाणी एका ठरावीक रेषेपर्यंत चढलं होतं आणि तिथून लगेच उतरलं होतं. कोणीतरी दरवेळी बरोबर त्याच रेषेला दारं उघडत होतं. फक्त तेरा साली नाही. त्या दिवशी पाणी त्या रेषेच्या वर सव्वा फूट चढलं. रेषा ओलांडल्यापासून पाळ फुटेपर्यंत पाच तास गेले.

कारणाच्या रकान्यात यंत्रानं आपसूक भरलं, ‘दारे उघडण्यात मानवी दिरंगाई’.

कशाला खोटं बोलू, मला बरं वाटलं. पाच तास! पाच तास झोपला होता तो माणूस. मी छापील कागद घेतला आणि तडक सगुणाकाकूकडे गेले. बसलेसुद्धा नाही.

“काकू, निघालं. सव्वा फूट पाणी जास्त, पाच तास. दारं उघडली नाहीत. यंत्रानं लिहून दिलंय.”

तिनं कागद हातात घेतला. वाचता येत नाही, तरी त्याच्यावरून हात फिरवला.

“म्हंजे झोपलाच होता.”

“झोपलाच होता.”

“मरेपर्यंत एकच म्हणे, मायचे पाय कोरडे होते. तापात बडबडे तवाबी तेच. मी म्हणो, चूप बस ना बाप्पा, अकरा जीव गेले आन् तू अजून खोटं बोलतं.” तिनं कागदाची घडी घातली. “त्या मशीनले मायचे पाय दिसत नाई का, बाई?”

“दिसतात की! पाणी किती चढलं ते मिलिमीटरपर्यंत कळलंय. आत्ता जाऊन मोजते पायांची उंची, आणि तुम्हाला सांगते पाय किती बुडले होते ते. मग तरी मन शांत होईल तुमचं.”

सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात, तशी मी. मेलेल्या माणसाला आणखी एकदा खोटं पाडायला भर उन्हात पाळीवर गेले.

मायच्या समोर यंत्राची दुर्बीण लावली. तेरा सालची सगळ्यात वरची पाण्याची रेषा त्यात भरली. दुर्बिणीतून लाल ठिपका निघतो, तो जिथं पडेल तिथवर पाणी होतं असं समजायचं. ठिपका मायच्या पायांवर पडला नाही. खाली पडला. मला वाटलं तिवई हलली. पुन्हा लावली, तिसऱ्यांदा लावली. मग गुडघे टेकले आणि हातानं मोजलं. ठिपका आणि मायचे पाय यांच्यात चार बोटं अंतर होतं.

पाळ फुटली त्या क्षणालासुद्धा मायचे पाय कोरडे होते.

ठिपका पडला होता चौथऱ्यावर. गुळगुळीत सिमेंटचा, पुढून पांढऱ्या फरशा लावलेला चौथरा. मधल्या फरशीवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘कु. वनमाला फागो नान्हे हिच्या पहिल्या पगारातून. दिवाळी २०१२.’

मी तिथंच बसून राहिले.

माझ्या आईचा नवस होता तो. ‘पोरीले नोकरी लागली का तुले पाण्यातून वर काढीन, माय. दरसाल भिजतं, जीवाले बरं नाई वाटत.’ पहिला पगार हातात आला आणि मी म्हटलं, बांधू चौथरा. गवंडी लावला, दीड फूट उंच बांधून घेतला. वाजतगाजत माय वर बसवली, गावजेवण घातलं. मनिरामकाकाजी नारळ घेऊन आला होता. म्हणाला होता, “साजरं झालं, पोरी. माय आता कोरडी राहीन.”

आणि राहिली. पुढच्याच पावसाळ्यात पाणी जुन्या जागेवर आलं, जिथं तीनशे वर्षं तिचे पाय होते, आणि तिथं पाय नव्हते. त्याला हाक द्यायची होती पाय भिजल्यावर. तो पाच तास त्या दगडावर बसून, भर पावसात घोंगड्याखालून मान वाकवून पायांकडे बघत राहिला. मी ज्याला झोप म्हटलं, ते हे होतं. त्याला उंची ठाऊक नव्हती, त्याला पाय ठाऊक होते. उंची मला ठाऊक असायला हवी होती. मी शिकलेली होते, प्रयोगशाळेत मोजमापं घेऊन पगार खात होते. पण दीड फूट वर घेतली तर रेषाही वर जाईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. गावात कोणाच्याच आलं नाही. देवाला कोणी मोजपट्टी म्हणून बघतं का?

प्रेमिला, माझ्या बाई, मी काय करून बसले गं!

किती वेळ रडले माहीत नाही. मग पाध्येसाहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“वनमालाबाई, अहवालात याला रकाना नाही,” ते म्हणाले. “मानवी दिरंगाई बरोबरच आहे तांत्रिकदृष्ट्या. दारं वेळेत उघडली नाहीत, एवढं खरं. का उघडली नाहीत हे आपलं काम नाही. सही करा आणि या परत. एकतीस वर्षं झाली. तुम्ही कशाला स्वतःला...”

“साहेब, मी सही केली तर त्या दगडावरची ओळ कायमची राहील.”

“आणि नाही केली तर तिथं तुमचं नाव येईल.”

“आहेच ना तिथं. फरशीवर.”

फोन ठेवला. खरं सांगते, अर्धा तास मी विचार केला. गाडी उभी होती. कागद सगुणाकाकूच्या हातात होता, तिचं समाधान झालं होतं, निदान प्रश्न मिटला होता. ती त्र्याऐंशीची. मी गेले असते तर कोणाला कळलं नसतं. उलट्या जोश्यालासुद्धा नाही, त्याला फरशीवरची अक्षरं वाचता येत नाहीत.

पण मनिरामकाकाजी तेराव्याला दारात हात जोडून उभा होता तो दिसत राहिला. काय सांगायला आला होता तो? कदाचित त्याला कळलं होतं. कदाचित नव्हतंही कळलं, नुसतंच ‘झोपलो नोहतो, पोरी’ म्हणायला आला असेल. आता कोणाला विचारू? दार मीच लावलं होतं.

मी परत गेले. काकू तशीच बसली होती, घडी घातलेला कागद मांडीवर. या वेळी मी खाली बसले, तिच्या पायांपाशी, आणि सगळं सांगितलं. चौथरा, पगार, चार बोटं. माझी चौकशीतली साक्षही सांगितली, की मी चेहरा पाहिलाच नव्हता, नुसतं घोंगडं पाहिलं होतं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

मला वाटलं ती मला मारेल. मारावं असं वाटत होतं.

“म्हंजे पाय कोरडे होते?” ती म्हणाली.

“हो, काकू.”

“खरंच कोरडे होते?”

“चार बोटं कोरडे होते.”

“म्हंजे तो खरं बोलत होता.”

“खरं बोलत होते काकाजी. शेवटपर्यंत.”

ती उठायला गेली, तिला उठता येईना. भिंतीला हात लावून तशीच अर्धवट उभी राहिली. “मी दोन वर्षं त्याच्याशी धड बोलली नाई, वनमाला. भाकर पुढं सरकवो आन् तोंड फिरवो. तो म्हणे, सगुणा, गाव नाई मानत, तू तं मान. मी नाई मानलं.” मग तिचा आवाज फुटला. “तू मले सांगाले आली. तुले सांगाले मी आहो. मी आता कोणाले सांगू व? कोणाच्या पाया पडू?”

मी तिला धरलं. आम्ही दोघी रडलो. एकीच्या हातून नवरा गेला होता, एकीच्या हातून बहीण.

अहवालात मी कारणाचा रकाना खोडला आणि खाली हातानं लिहिलं: चौथरा, दीड फूट, बांधणारी मी. जुनी साक्ष मागं घेतल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. पाध्येसाहेबांनी ते तसंच वर पाठवलं, एवढं त्यांचं मोठेपण. ग्रामसभेत मात्र आरडाओरडा झाला. सरपंच पुस्तोडे म्हणाले, “मायच्या चौथऱ्याले बोल लावता तुम्ही? त्या चौथऱ्यानं तं माय वाचली पुरात!”

“मायला नाही बोल लावत, मला लावते,” मी म्हटलं. “ओळ पुसायची नसेल तर तिच्या खाली माझं नाव कोरा. गवंडी मी आणलाय.”

शेवटी ओळ छिन्नीनं काढली. तिथं आता खडबडीत पांढरा पट्टा आहे. माझं नाव कोरायला कोणी तयार झालं नाही. चौथरा मी स्वतः घण घालून फोडला, फरशी आधी. माय परत जुन्या जागी बसवली. दुर्बीण लावून पाहिलं, आमच्या यंत्रानं काढलेली सुरक्षित पातळी आणि मायचे पाय यांत दोन बोटांचाही फरक नव्हता.

ऑगस्टात मी रजा टाकली आणि मोहबंधला गेले. सगुणाकाकूनं बोलावलं होतं. दोन दिवस पाऊस लागून होता. मी तिला धरून पाळीवर नेलं. मनिरामकाकाजीच्या दगडावर ती बसली, अंगावर त्याचंच जुनं घोंगडं. मी शेजारी छत्री धरून. सलंगाची लोखंडी दारं स्वतःच्या हिशेबानं उघडणार होती, आमची कोणाला गरज नव्हती.

“पाहून सांग,” ती म्हणाली. “मले दिसत नाई.”

दुपारभर मी पायांकडे बघत होते. मान भरून आली, डोकं गुडघ्यावर टेकलं, आणि तेव्हा कळलं की अशी बसलेली मी कोणालाही पाळीवरून झोपलेली दिसले असते. तीन वाजून गेल्यावर पाणी दगडावर चढलं. मग मायची बोटं ओली झाली.

“काकू, भिजले पाय.”

ती माझा खांदा धरून उभी राहिली. छाती भरून श्वास घेतला आणि त्र्याऐंशी वर्षांच्या चिरक्या गळ्यानं ओरडली, “माय भिजलीऽऽ! माय भिजली होऽऽ!”

हाक पाण्यावरून गेली, पाळीखाली बाभळीच्या रानापर्यंत गेली असेल. तिथून कोण येणार होतं? सलंगाची दारं केव्हाच उघडली होती, पाण्याचा आवाज येत होता. काकू पुन्हा ओरडली.

मी छत्री टाकली आणि सलंगाकडे धावत सुटले.